मंडप कुणाचा?



2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, 2023 च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी फुटली आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या बाकांवर एकच वाक्य ऐकू यायला लागलं. "पूर्वी असं नव्हतं हो! पूर्वीची माणसं वेगळी होती." पक्षातल्याच माणसाने पक्षाला वेठीला धरायचं, आपली माणसं जमवून दम भरायचा, मग लोकांनी दोन तट करून भांडायचं, हे सगळं जणू परवाच सुरू झालं असावं अशा थाटात लोक बोलतात. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा हे वाक्य ऐकलं की हात आपोआप खडूकडे जातो.

पूर्वीही असं होतं. आणि त्यातलं एक मोठं प्रकरण तर आपल्या पेठेतच शिजलं. भाचेमंडळींपैकी बरेच जण हल्ली परगावी आणि परदेशी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1885 मध्ये खरं तर पुण्यात भरायचं होतं. पटकीची साथ आली आणि ऐनवेळी ते मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवावं लागलं. पुण्याच्या वाट्याला हा मान आला तो थेट दहा वर्षांनी, अकराव्या अधिवेशनाच्या रूपाने. डिसेंबर 1895. अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. स्वागत समितीच्या चिटणिसांत टिळक होते आणि गोखलेही होते. टिळक तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे. गायकवाड वाडा अजून यायचा होता. त्यांचा मुक्काम आपल्या सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात असे. गोखले अजून तिशीच्याही आत, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर वडीलधारे म्हणून न्यायमूर्ती रानडे, जे 1893 पासून मुंबई हायकोर्टात होते पण ज्यांचा जीव पुण्यात होता.

भांडणाचं कारण आज ऐकायला क्षुल्लक वाटेल. रानडे आणि मद्रासचे रघुनाथराव यांनी 1887 मध्ये सामाजिक परिषद सुरू केली होती. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण असे विषय तिच्यापुढे असत. काँग्रेसचं अधिवेशन संपलं की त्याच मंडपात ही परिषद भरे. माणसं बरीचशी तीच, मंडप तयार, खर्चही वाचे. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पुण्यात प्रश्न निघाला, की काँग्रेसचा मंडप सामाजिक परिषदेला द्यायचाच का?

हा प्रश्न आकाशातून पडला नव्हता. मागची चार-पाच वर्षं डोळ्यांपुढे आणा. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा दिला गेला. गोपाळराव जोश्यांनी (आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं छापवून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. त्या यादीत रानडेही होते, टिळकही होते आणि गोखलेही! रानड्यांनी शेवटी स्नेह्यांसाठी प्रायश्चित्त घेतलं. त्याचं शल्य रमाबाईंच्या आठवणींत वाचायला मिळतं. मग 1891 चा संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतिवय दहाचं बारा करायचं, एवढाच बदल. पण पुण्यात क्रीडाभुवनातली सुधारकांची सभा उधळली गेली. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती या गावाने. ते आगरकर 17 जून 1895 ला गेले. वय अवघं अडतीस. म्हणजे मंडपाचा वाद पेटला तेव्हा पुण्यातल्या सुधारकांचा सर्वांत निर्भय आवाज नुकताच थांबला होता.

त्याच वर्षी, 1895 च्या जुलैमध्ये, सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने बहुमत मिळवलं. ही सभा 1870 ची, रानड्यांनी वाढवलेली. तिथे त्यांचीच माणसं अल्पमतात गेली. पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, रानडे-गोखल्यांना वेगळी डेक्कन सभा काढावी लागली. मूळ संस्था कुणाची, नाव कुणाचं, बहुमत कुणाचं... शब्द ओळखीचे वाटतात ना? फक्त तेव्हा निवडणूक आयोग नव्हता.

आता टिळकांची बाजू नीट मांडायला हवी. शाळेत आम्ही ती मांडत नसू. पुस्तकात एकतर लोकमान्य म्हणजे देव, नाहीतर हा प्रसंगच गाळलेला. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं, की काँग्रेस ही सगळ्यांची. तिला वर्गणी देणारा व्यापारी, भिक्षुक, इनामदार हा सुधारक नाही. त्याला राजकीय हक्क हवेत, पण घरातल्या चालीरीतींत कुणी हात घातलेला नको आहे. त्याच्या पैशाने उभारलेल्या मंडपात त्याला न पटणारी परिषद भरवली तर तो काँग्रेसपासूनच दूर जाईल. मूठभर इंग्रजी शिकलेल्यांनी चालवलेली सभा हे काँग्रेसचं रूप टिळकांना बदलायचं होतं. ते बदलायला लोक हवेत, आणि लोक जसे आहेत तसेच घ्यायला हवेत.

यात तथ्य होतं. पुढे जे घडलं त्याने ते सिद्धही झालं. काँग्रेसला माणसं मिळाली ती या रस्त्याने.

पण पद्धत पाहा. वाद समितीच्या बैठकीत राहिला नाही. तो वर्तमानपत्रांत आला, तिथून सभांत, तिथून रस्त्यावर. परिषद भरवाल तर मंडप जाळून टाकू, अशी धमकी निघाली. ही धमकी टिळकांनी दिली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण धमकी देणारे त्यांच्या बाजूचे होते, आणि त्या धमकीचं वजन त्यांच्या पारड्यात पडत होतं. पुढाऱ्याने हात उचलावाच लागतो असं नाही. आपल्यामागे उभ्या असलेल्यांकडे त्याने वळून पाहिलं नाही तरी समोरच्याला पुरतं.

लोक कसे वागले? मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस तिथे आहे. पुण्याच्या पेठांना हा वाद परका वाटला नाही. ज्यांना काँग्रेसच्या ठरावांतलं सनदी नोकरांच्या परीक्षेचं किंवा लष्करी खर्चाचं कलम समजत नव्हतं, त्यांना हे मात्र लगेच समजलं. मंडप आपला की त्यांचा? राजकारणात सामान्य माणूस पहिल्यांदा शिरतो तो बहुतेक वेळा अशा दारातून. धोरणावरून तो भांडत नाही, जागेवरून भांडतो. आणि एकदा आत आला की तो नुसता प्रेक्षक राहत नाही. 1895 च्या हिवाळ्यात पुण्याच्या सामान्य माणसाला कळलं, की आपण ओरडलो तर हायकोर्टाचा न्यायमूर्तीसुद्धा थांबतो.

कारण रानडे थांबले. काँग्रेसच फुटेल अशी वेळ आल्यावर त्यांनी मंडपावरचा हक्क सोडला आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळी भरवली. टिळकांनी चिटणीसपद सोडलं होतं. अधिवेशन पार पडलं. सुरेंद्रनाथांनी अध्यक्षीय भाषणात सांगितलं, की ही काँग्रेस हिंदूंची, मुसलमानांची, ख्रिश्चनांची, पारशांची, शिखांची. चालीरीती सुधारू पाहणाऱ्यांची आणि तशाच ठेवू पाहणाऱ्यांचीही. छान वाक्य आहे. दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवता येतील असं.

वर्गात एकदा हे सांगत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग जिंकलं कोण?" मी तिला म्हटलं, मंडप टिळकांच्या बाजूला गेला आणि परिषदही भरली, तेव्हा दोघेही. ती म्हणाली, "पण परिषद दुसरीकडे गेली ना!" मुलं नेमकं बोट ठेवतात. परिषद दुसरीकडे गेली, आणि गेली ती गेलीच. राजकारण आधी आणि समाजसुधारणा नंतर, असं जे पुढे दोन पिढ्या म्हटलं गेलं, त्याला पुण्याने एक ठोस पुरावा दिला. चाळीस वर्षांनी, 1936 मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी काँग्रेस आणि सामाजिक परिषद यांच्या ताटातुटीचा हिशेब मांडला, तेव्हा पुण्यातली ही मंडप जाळण्याची धमकी त्यांनी मुद्दाम नोंदवली. वाद आपल्याला आठवत नसेल, पण ज्यांच्या सुधारणा मंडपाबाहेर राहिल्या त्यांच्या तो लक्षात राहिला.

आता दुसरा अंक. बारा वर्षं पुढे चला. डिसेंबर 1907, सुरत.

या वेळी दंडेली कुणाची? इथे गंमत आहे. काँग्रेसवर पकड होती ती फेरोजशहा मेहतांची. मोठा कर्तबगार माणूस, मुंबई महापालिकेचा आधारस्तंभ, पण सभा आपल्या मुठीत ठेवायची सवय असलेला. अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. तिथे जहाल मंडळींचा जोर दिसल्यावर ते सुरतेला हलवलं, मेहतांच्या माणसांच्या गावात. जहालांना लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, ठरले रासबिहारी घोष. 26 तारखेला गोंधळामुळे सभा तहकूब झाली. 27 ला टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे चिठ्ठी पाठवली, की मला सूचना मांडायची आहे. उत्तर आलं नाही. तेव्हा ते सरळ व्यासपीठावर गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. बोलायची परवानगी नाही म्हटल्यावरही हलले नाहीत.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक जोडा आला. लाल कातड्याचा, टोकदार, दक्षिणी घडणीचा. तो सुरेंद्रनाथांना लागून फेरोजशहांवर आदळला. बारा वर्षांपूर्वी पुण्यात सगळ्यांना सामावून घेणारं वाक्य म्हणणारे तेच सुरेंद्रनाथ! मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने लिहून ठेवलंय, की टिळकांच्या अंगावर माणसं धावून आली तेव्हा त्यांना वाचवायला दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले ते गोपाळराव गोखले.

हा तपशील मी दर वर्षी वर्गात सांगत असे. दर वर्षी वर्ग शांत होई.

पुण्याची प्रतिक्रिया काय झाली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पुणं टिळकांचं होतं. 'मवाळ' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. गोखल्यांना तर 1897 मध्येच प्लेगच्या वेळच्या सोल्जरांविषयीचं विधान मागे घेऊन माफी मागितल्याबद्दल गावाने धारेवर धरलं होतं. सुरतेनंतर ते आणखी एकटे पडले. पुढे सहा महिन्यांत, जून 1908 मध्ये, टिळकांना अटक झाली. जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळकांनी जो 'लोक' शोधला होता तो आता वर्गणीदार राहिला नव्हता, रस्त्यावर गोळी झेलत होता. टिळक मंडालेत आणि काँग्रेस मेहतांच्या ताब्यात, अशी वर्षं गेली. काँग्रेस टिकली, पण तिच्या सभा ओस पडत गेल्या. गोखले फेब्रुवारी 1915 मध्ये गेले. टिळक त्यांच्या अंत्ययात्रेसाठी सिंहगडावरून उतरले आणि स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. नोव्हेंबरात मेहता गेले. 1916 ला लखनौमध्ये टिळक पुन्हा काँग्रेसच्या मंडपात आले.

मला या दोन अंकांत एकच गोष्ट दिसते. 1895 मध्ये गर्दीचा धाक होता, 1907 मध्ये नियमांचा धाक होता. टिळकांनी पहिल्याचा फायदा घेतला आणि दुसऱ्याचा मार सोसला. ज्याच्या हातात मंडप, तो म्हणतो नियम पाळा. ज्याच्या हातात माणसं, तो म्हणतो लोक काय म्हणतात ते ऐका. दोघांचंही म्हणणं पन्नास टक्के खरं असतं, आणि म्हणूनच लोकांना बाजू घेणं इतकं सोपं जातं. आपण आपल्या आवडत्या पुढाऱ्याचा अर्धा भाग धरतो आणि त्यालाच पूर्ण सत्य म्हणतो.

टिळकांविषयीचा माझा आदर या लेखाने कमी झालेला नाही, हे आमच्या घरातल्या ज्येष्ठांसाठी मुद्दाम लिहिते. पण आदर म्हणजे त्यांच्या बाजूने उठलेली प्रत्येक आरोळी बरोबर होती असं मानणं नव्हे. 18 जानेवारी 1943 ला, रानड्यांच्या जयंतीला, पुण्यात गोखले हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांचं भाषण झालं. बोलावलं होतं त्याच डेक्कन सभेने, जी 1895 च्या भांडणातून जन्माला आली. त्यांनी तिथे विभूतिपूजेबद्दल कडक इशारा दिला. पुण्यात, टिळकांच्या पुण्यात! ते भाषण छापील स्वरूपात मिळतं. मिळालं तर अवश्य वाचा.

राहता राहिलं बाकावरचं वाक्य. पूर्वीची माणसं वेगळी होती का? एका बाबतीत होती असं मला वाटतं. ज्याच्याशी उभा दावा मांडला त्याच्या अंगावर माणसं धावून आल्यावर हात पसरून मध्ये उभं राहणारा एक जण तरी तेव्हा सापडला. हल्लीच्या फाटाफुटीत असा कुणी तुम्हाला दिसला असेल तर मला जरूर सांगा. नाव कुठल्याही गटाचं चालेल.