रेंज मोजण्याचा इतिहास : पुण्याच्या वर्गापासून वाशीमच्या शिवारापर्यंत

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात जाऊन 'इथे मोबाइलची रेंज येते का?' असे विचारले, तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर क्वचितच मिळते. 'देवळाच्या ओट्यावर येते', 'शाळेच्या दुसऱ्या खिडकीपाशी येते, पण फोन हलवायचा नाही' अशी उत्तरे मिळतात. २०२० साली शाळा बंद होत्या आणि धडे फोनवरून चालू होते, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांनी अशी एखादी जागा शोधून तिथेच बसून अभ्यास केला. ही उत्तरे ऐकून आपल्याला हसू येते. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने ती अगदी अचूक आहेत. रेंज ही गावाची नसते, जागेची असते. ही गोष्ट अभियंत्यांना मोजून समजायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्या मोजमापाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा आपल्या महाराष्ट्रातून जातो.

एक लहर, अनेक वाटा

टॉवरवरून निघालेली रेडिओलहर फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. काही भाग सरळ येतो, काही पाण्याच्या टाकीवर आपटून येतो, काही पत्र्याच्या छपरावरून, तर काही समोरच्या टेकडीच्या उतारावरून परत फिरून येतो. प्रत्येक वाटेची लांबी वेगळी असल्यामुळे या सगळ्या प्रती थोड्या थोड्या अंतराने पोचतात. दोन प्रतींचे उंचवटे एकमेकांवर आले तर जोर वाढतो. एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा आला तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. नववीच्या पुस्तकातला ध्वनीचा प्रतिध्वनी आणि बारावीच्या पुस्तकातले प्रकाशाचे व्यतिकरण, हे दोन्ही इथे एकत्र भेटतात.

९०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. तिची निम्मी लांबी साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. म्हणूनच खिडकीपाशी फोन वीतभर हलवला की बोलणे तुटते. टॉवर आणि फोन यांच्यामधल्या या सर्व वाटांना मिळून अभियंते 'रेडिओ चॅनेल' म्हणतात. दूरदर्शनच्या चॅनेलशी याचा गोंधळ करू नये. हे चॅनेल कोणी बांधलेले नसते. जमीन, झाडे, घरे आणि हवा मिळून ते बनते आणि क्षणोक्षणी बदलते.

लहरींच्या या लहरीपणाचा अनुभव जुना आहे. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. तिथल्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन येत. ते थर दिवसा-रात्री, ऋतूऋतूंत बदलत, आणि त्यांच्याबरोबर संदेशही कधी ठळक, कधी पुसट होई. हे फिकटणे सर्वांना माहीत होते. प्रश्न होता तो ते नीट मोजायचे कसे, हा.

पुण्याचा विद्यार्थी

थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात, एका मल्याळी कुटुंबात झाला. शाळा सेंट व्हिन्सेंट, आणि पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथून १९५६ साली दूरसंचार विषयाची पदवी घेऊन ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले. त्या सुमारास तिथल्या लिंकन प्रयोगशाळेत प्राइस आणि ग्रीन हे दोन संशोधक एक नवा ग्राहक बनवत होते. वेगवेगळ्या वाटांनी उशिरा येणाऱ्या प्रती टाकून न देता दाताळ्याने काडी गोळा करावी तशा गोळा करायच्या, अशी त्याची रीत होती, आणि त्याचे नावही 'रेक', म्हणजे दाताळे, असेच ठेवले होते. पण प्रती गोळा करायच्या तर त्या कधी आणि किती जोराने येतात, हे आधी माहीत हवे. म्हणजे चॅनेल मोजायला हवे.

कैलथ यांनी १९५९ साली पदव्युत्तर पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, तो याच विषयावर होता. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे : सतत बदलणारे चॅनेल मोजता येतेच का?

त्यांचे उत्तर वर्गात सहज समजावता येते. एखाद्या खोल विहिरीच्या काठावर उभे राहून टाळी वाजवा. प्रतिध्वनी ऐका. शेवटचा प्रतिध्वनी विरेपर्यंत दुसरी टाळी वाजवू नका, नाहीतर पहिल्या टाळीचा आवाज कोणता आणि दुसरीचा कोणता, हे कळणार नाही. आता अशी कल्पना करा, की विहिरीच्या भिंती हलत आहेत. मग उलट घाई करावी लागेल. दोन टाळ्यांमध्ये फार वेळ गेला, तर मधल्या काळात भिंती कुठे सरकल्या हे निसटून जाईल. एक अट म्हणते 'थांब', दुसरी म्हणते 'लवकर'. प्रतिध्वनी विरायला लागणारा काळ सेकंदांत धरला आणि चॅनेल बदलण्याची वारंवारता हर्ट्‌झमध्ये धरली, तर त्या दोहोंचा गुणाकार एकापेक्षा कमी असेल तरच दोन्ही अटी पाळता येतात. तो एकापेक्षा जास्त झाला, की कितीही चांगले उपकरण आणले तरी मोजमाप होत नाही.

आकडे घालून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एस.टी.त ९०० मेगाहर्ट्‌झवर बोलणारा फोन आहे. डॉप्लर परिणामामुळे पुढून येणाऱ्या लहरीची वारंवारता ५० हर्ट्‌झने वाढते, मागून येणारीची तेवढीच घटते. म्हणजे एकूण पसारा १०० हर्ट्‌झ. टेकडीवरून परतणारी लहर ३ किलोमीटर जास्त फिरून आली, तर तिला एक लक्षांश सेकंद उशीर होईल. गुणाकार येतो एक सहस्रांश. अट सहज पाळली जाते. आपला मोबाइल चालतो तो याच कारणाने : चॅनेल बदलण्याच्या आत ते मोजून घ्यायला त्याला भरपूर सवड असते. फोन आजही हेच करतो. टॉवर ठरावीक काळाने आधीच ठाऊक असलेले ठरावीक संकेत पाठवतो आणि फोन त्यांच्यावरून वाटांचा अंदाज बांधतो.

कैलथ यांनी १९६२ साली हा विचार अधिक विस्ताराने मांडला. १९६९ साली फिलिप बेलो यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा सुचवली, आणि गणिताच्या कसोटीवर उतरणारी पक्की सिद्धता २००५-०६ मध्ये आली. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने टाकलेला प्रश्न चार दशकांहून जास्त काळ गणितज्ञांना पुरला.

टोकियोचे आलेख

सिद्धान्त झाला, पण टॉवर उभारणाऱ्याला सूत्र हवे असते : इतक्या उंचीचा टॉवर, इतके अंतर, तर जोर किती उरेल? हे काम जपानमध्ये योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९६० च्या दशकात मोटारीत ग्राहक ठेवून ते टोकियो आणि भोवतालच्या प्रदेशात हिंडले आणि १९६८ साली त्यांनी आपले आलेख प्रसिद्ध केले. १९८० साली मासाहारू हाता यांनी त्या आलेखांना सोप्या सूत्रांत बसवले. पुढे जगभर मोबाइलचे जाळे आखताना याच सूत्रांचा आधार घेतला गेला.

हे सूत्र काय सांगते? रिकाम्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की जोर एक चतुर्थांश होतो. पण ३० मीटर उंचीच्या टॉवरसाठी हातांच्या सूत्रात तो जवळजवळ अकरावा हिस्सा होतो. दाट शहराऐवजी मोकळा प्रदेश असेल, तर ९०० मेगाहर्ट्‌झला सुमारे २८ डेसिबलचा फायदा धरावा, म्हणजे जोर जवळजवळ सातशे पट. कागदावर हे खेड्यांना फारच सोयीचे दिसते. पण ओकुमुरांचा मोकळा प्रदेश म्हणजे वाटेत उंच झाडे किंवा इमारती नसलेला जपानी प्रदेश. सागाचे रान, बरड टेकड्या, त्यांच्या कुशीत दडलेली गावे आणि पावसाळ्यात भिजून जड झालेली झाडी, असा मुलूख त्या मोटारीने पाहिला नव्हता. सूत्र चुकीचे नाही. ते जिथे मोजले तिथले आहे.

प्रतिध्वनी कामाला लागले

तोवर प्रतिध्वनी ही कटकटच मानली जाई. ती उपयोगाची ठरवण्यात पुन्हा कैलथ यांचे नाव येते, आणि त्यांच्याबरोबर आरोग्यस्वामी पॉलराज यांचे. पॉलराज मूळचे तमिळनाडूतले. पण शिकले खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि नौदलाच्या लोणावळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. १९७१ च्या युद्धानंतर त्यांनी नौदलासाठी पाण्याखालच्या ध्वनिशोधाचे मोठे काम केले. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी आणि कैलथ यांनी १९९२ साली एका पेटंटसाठी अर्ज केला. ते १९९४ मध्ये मिळाले. कल्पना अशी : दोन अँटेनांवरून एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर दोन वेगवेगळे संदेश पाठवायचे आणि दोन अँटेनांनी झेलायचे.

हे जमते कसे? दोन अज्ञात संख्या आणि दोन समीकरणे, एवढेच त्यात आहे. प्रत्येक अँटेनावर दोन्ही संदेशांचे वेगवेगळे मिश्रण येते. मिश्रणाचे सहगुणक ठाऊक असले की संदेश सोडवून घेता येतात. सहगुणक म्हणजे मोजलेले चॅनेल. पण एक अट आहे : दोन्ही समीकरणे सारखी असता कामा नयेत. ती वेगळी होतात प्रतिध्वनींमुळे. आज चौथ्या-पाचव्या पिढीच्या मोबाइलमध्ये हीच युक्ती वापरतात.

इथे पुन्हा खेड्याचा प्रश्न येतो. शहरात भिंती पुष्कळ, म्हणून वेगवेगळी समीकरणेही पुष्कळ. सोयाबीनच्या उघड्या शिवारात लहर बहुधा एकाच सरळ वाटेने येते. समीकरणे जवळजवळ सारखीच राहतात आणि युक्तीचा फायदा कमी मिळतो.

सहा किलोमीटरची गोष्ट

२०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि पाचांतले चार जण खेड्यात राहत होते. २०१८ साली केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमचे नाव होते. अशा जिल्ह्यात टॉवर दाट लावणे परवडत नाही. परंतु पाचव्या पिढीच्या ग्रामीण चाचणीत आधी दोन टॉवरांमधले अंतर धरले होते सुमारे पावणेदोन किलोमीटर.

भारतीय अभियंत्यांनी यावर हरकत घेतली. देशात प्रकाशतंतूंचे जाळे ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याची योजना २०११ पासून चालू होती. टॉवर ग्रामपंचायतीच्या गावी उभारायचा, तर त्याने सुमारे ३ किलोमीटर परिसरातल्या वाड्या-तांड्यांना सांभाळले पाहिजे. म्हणून ७०० मेगाहर्ट्‌झवर दोन टॉवरांमध्ये ६ किलोमीटर अंतर धरून चाचणी घ्यावी, अशी मागणी त्यांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे केली. २०१७ साली ती मान्य झाली. अंतर साडेतीन पटीच्या आतच वाढले, पण एका टॉवरने सांभाळायचे क्षेत्र बारा पट झाले. नियमावलीतली ही एक ओळ. पण ती नसती, तर पावणेदोन किलोमीटरची परीक्षा उत्तीर्ण झालेले तंत्र 'खेड्यांसाठी योग्य' ठरले असते, आणि तांड्यावरच्या मुलीच्या हातात फोन असूनही धडा पोचला नसता.

यापुढची धाव मिलिमीटर लहरींकडे आहे. २०१३ साली थिओडोर रॅपापोर्ट यांच्या गटाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ गिगाहर्ट्‌झची मोजमापे करून तिथेही मोबाइल चालू शकतो हे दाखवले. भारतात २०२२ साली २६ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचा लिलाव झाला. अशा लहरींना पाऊस अडवतो : तासाला २५ मिलिमीटर पावसात दर किलोमीटरला सुमारे ४ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक जोर जातो. मृगाच्या सरीत हे आकडे काय होतात, ते मृगाच्या सरीतच मोजायला हवे.

वर्गात करून पाहण्यासारखे

अनेक फोनांच्या सेटिंगमध्ये 'सिग्नल स्ट्रेंग्थ' हा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो ऋण असतो. उणे ७० चांगला, उणे ११० फार कमकुवत. दहाचा फरक म्हणजे जोरात दहा पट फरक, हे घातांकांच्या धड्याला जोडून सांगावे. एकच फोन घेऊन मुलांनी शाळेपासून दर शंभर पावलांवर थांबावे, प्रत्येक ठिकाणी फोन थोडा थोडा हलवून पाच नोंदी घ्याव्यात, त्यांची सरासरी काढावी आणि गावाच्या नकाशावर मांडावी. वीतभर हलवल्याने होणारा चढउतार आणि टेकडीआड गेल्याने होणारी घट, हे दोन वेगळे परिणाम त्यातून दिसतील. हाच नकाशा उन्हाळ्यात आणि पुन्हा भर पावसाळ्यात करावा.

ओकुमुरांची मोटार वाशीमला आली नाही. पण जिल्ह्यातल्या शाळांनी आपापल्या शिवाराचे असे नकाशे केले, तर ग्रामसभेत 'आमच्याकडे रेंज येत नाही' या तक्रारीऐवजी कुठे, किती आणि कधी येत नाही, हे आकड्यांनिशी मांडता येईल.