ग्यांत्से झोंग

मध्य तिबेटातील त्सांग प्रांतात, न्यांग नदीच्या खोऱ्यात, सुमारे 4,000 मीटर उंचीवरील ग्यांत्से या कसब्यात सपाट शेतजमिनीतून एकाएकी उठलेल्या खडकावरचा इतिहासप्रसिद्ध दुर्ग. ग्याल-खार-त्से, म्हणजे राजदुर्गाचे शिखर, या मूळ नावाचा ग्यांत्से हा संक्षेप असल्याने गावाला नाव मिळाले ते दुर्गावरूनच. विद्यमान वास्तूचा आरंभ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. ‘झोंग’ म्हणजे निव्वळ गड असा अर्थ घेतल्यास तिचे निम्मे मर्म निसटते. कारण झोंगपोन हा किल्लेदार तर असेच, शिवाय आसपासच्या मुलखाचा सारा वसूल करणारा आणि न्यायनिवाडा करणारा अंमलदारही तोच असल्यामुळे, बालेकिल्ला, कचेरी, कोठारे आणि बंदिखाना एकाच तटाच्या आत नांदत.

ल्हासा व शिगात्से येथून येणारे रस्ते चुंबी खोऱ्यातून भारताकडे उतरणाऱ्या मार्गाला येथे मिळत, म्हणून लोकरीची ही मोठी पेठ झाली. आणि ल्हासाची वाट याच दुर्गाखालून जात असल्याने 1904 साली यंगहजबंडच्या ल्हासावरील ब्रिटिश मोहिमेचे युद्धही येथेच येऊन ठेपले. एप्रिलमध्ये विनासायास हाती आलेला दुर्ग सोडून ब्रिटिश फौज नदीकाठी छावणी करून राहिली असता तिबेटींनी तो पुन्हा व्यापून भक्कम केला. अखेर 6 जुलै रोजी तोफांनी तटाला खिंडार पडले, आतील दारूकोठार उडाले, आणि गुरखा पलटणीचे लेफ्टनंट ग्रँट व हवालदार करबीर पुन हे उभा कडा चढून त्या भगदाडातून प्रथम आत शिरले. ग्रँट यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो सन्मान त्या काळी हिंदी शिपायांना खुला नसल्याने करबीर यांची संभावना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटवर झाली. मुख्यतः तोड्याच्या बंदुका आणि कड्यावरून लोटलेले धोंडे यांच्या बळावर तोफांपुढे टिकाव धरणाऱ्या तिबेटी शिबंदीचे शौर्य मात्र कोणत्याही पदकाहून कमी मोलाचे मानता येणार नाही.

दुर्ग पाहायला जाणाऱ्याने विरळ हवेमुळे चढण थांबत थांबत चढावी. माथ्यावरून जवाची शेते, जुनी वस्ती आणि तिच्या टोकाशी 1418 मध्ये स्थापन झालेला पाल्खोर मठ एका दृष्टिक्षेपात येतात. त्याच मठाच्या आवारात, येथील अधिपती राब्तेन कुनझांग याच्या आश्रयाने 1427 मध्ये आरंभिलेला, मजल्यावर मजला चढत गेलेला, भित्तिचित्रांनी भरलेला कुंबुम स्तूप उभा आहे. दुर्ग पाहून उतरणाऱ्याने तो पाहिल्यावाचून ग्यांत्से सोडू नये.