पाऊणपटीचा हिशोब

मुंबईतल्या आमच्या खारदांड्यात भरतीची वेळ काढायला तिथी पुरते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला दर्या पुरा भरणार. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. आजोबांनी हा हिशोब मामाला पाढ्यांच्याही आधी शिकवला होता, आणि मामाने तो पुढे एका संगणकाला शिकवायला घेतला. आमच्या घरी ही गोष्ट दर वेळी थोडी वेगळी सांगितली जाते. आजी सांगायची तेव्हा त्यात मामा पास व्हायचा, मामा सांगतो तेव्हा जेमतेम.

गजधरबांध मागे टाकून जुहू तारा रोडने उत्तरेला गेलं की चार-पाच किलोमीटरवर गुलमोहर रोड लागतो. त्याच्या नऊ नंबरच्या गल्लीत एनसीएसटी होती, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. आजी पाटी घेऊन त्या बाजूच्या बंगल्यांना मासळी द्यायची. तिला त्या इमारतीबद्दल ठाऊक होतं ते इतकंच, की आत माणसांपेक्षा यंत्रांना गारवा जास्त लागतो. मामाने तिथे डिप्लोमाला नाव घातलं तेव्हा ती म्हणाली होती, "मना कं सांगतंस, बापाला सांग."

त्या संस्थेचं मूळ मात्र कुलाब्याच्या टोकाला, टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथे आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक बांधला. 1960मध्ये तो चालू झाला आणि 1962मध्ये नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. नरसिंहन नंतर इलिनॉयला जाऊन यंत्राला चित्रं कशी ओळखता येतील यावर काम करून आले, आणि परतल्यावर भाषेकडे वळले. त्यांच्याच गटातले श्रीनिवासन रमणी. टीआयएफआरच्या छत्राखालचं संगणक केंद्र 1985मध्ये वेगळं होऊन एनसीएसटी झालं, तेव्हा त्याची धुरा रमणींकडे आली. रमणी मुळात कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक. देशात ई-मेल रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात, त्यामुळे ही गोष्ट मागे पडते. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. यंत्राला विचार करायला शिकवू पाहणारी माणसं देशात मूठभर, तीही पाच-सहा शहरांत विखुरलेली. परदेशातल्या जाणकाराला पत्र घातलं तर उत्तराला महिना जायचा, आणि नियतकालिकाचा अंक हाती येईपर्यंत त्यातला वाद शिळा झालेला असायचा. अशा माणसाला आधी बोलायला माणसं हवी असणार, प्रयोगशाळा त्यानंतर.

1982मध्ये रमणी आणि रिचर्ड मिलर यांनी एक कल्पना मांडली होती. विषुववृत्तावरून कमी उंचीवर फिरणारा एकच उपग्रह असावा. ज्या देशावर येईल तिथले निरोप त्याने उचलावेत, पोटात ठेवावेत आणि पुढे ज्याचे त्याला टाकावेत. मामाने हे आजोबांना समजावलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. वायरलेस नव्हता तेव्हा खोल दर्यात असलेल्या होडीचा निरोप घरी परतणारी होडीच आणायची: बर्फ संपला, जाळं फाटलं, अमक्याला ताप आहे. निरोप आणणाऱ्याला त्यातलं काही कळलंच पाहिजे असं नव्हतं.

1986मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या मदतीने अर्नेट हे अभ्यासकांचं संगणकजाळं सुरू झालं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग. सुरुवातीचा दुवा जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यातला, साध्या टेलिफोनवरचा. आलेली पत्रं यंत्र साठवून ठेवी आणि लाइन लागली की पुढे ढकली. एनसीएसटीतल्या एका यंत्राचं नाव 'शक्ती' होतं आणि पत्त्यात ते लिहावं लागे. 1989मध्ये तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत कायमची लाइन आली. वेग सेकंदाला 9600 बिट. आज फोनवर काढलेला 3 एमबीचा एक फोटो त्या लाइनीवरून जायला चाळीस मिनिटांहून जास्त लागली असती, आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचं. पण पानभर मजकूर दोन सेकंदांत जाई, आणि वाद घालायला पानभर मजकूर पुष्कळ झाला. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995ला. तोवर हा सगळा गप्पांचा फड अभ्यासकांचाच होता.

त्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेतला परवलीचा शब्द होता 'एक्स्पर्ट सिस्टिम'. जाणकाराला गाठायचं, खोदून खोदून विचारायचं आणि त्याचं ज्ञान 'असं असेल तर तसं' अशा नियमांत बसवायचं. जपानने 1982मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाची मोहीम काढली होती. आपल्याकडेही ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा प्रकल्प निघाला आणि डिसेंबर 1989मध्ये त्याच विषयावर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मामाने सरावासाठी म्हणून घरचाच जाणकार धरला.

पहिला नियम पाऊणपटीचा. तो प्रोलॉग या संगणकभाषेत दोन ओळींत बसला. मग आजोबा म्हणाले, वारा दक्षिणेचा असेल तर पाणी आधी चढतं. तेही लिहिलं. खाडीच्या आत भरती उशिरा पोचते, मग आपण उभे कुठे आहोत ते आधी विचार. तिथीचा क्षय असेल तर? उधाण आहे की भांग? आणि भरती कधी हे विचारतोसच कशाला, होडी त्याआधी काढायची असते, खडकावर पाणी किती चढलंय ते बघून. मामाने विचारलं, किती चढलं की काढायची? आजोबा म्हणाले, काढण्याइतकं.

नरसिंहन यांची काळजी काहीशी अशीच होती, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना वाटतं. भाषा म्हणजे आधी वागणं, नियमांची वही नंतर, असा त्यांचा रोख. 1981मध्ये त्यांचं भाषावर्तनाच्या प्रतिमानांवरचं पुस्तक निघालं. त्यांनी आणि आर. वैद्यनाथन यांनी एका तमिळ घरातल्या मुलीचं बोलणं, ती नऊ महिन्यांची असल्यापासून पावणेतीन वर्षांची होईपर्यंत नोंदवलं. त्या नोंदी मुलांच्या भाषेच्या जागतिक संग्रहात आजही अभ्यासकांना मिळतात. सगळे पंडितांना नियम विचारत असताना यंत्राच्या बुद्धीचा विचार करणारा हा माणूस पाळण्यातल्या पोरीचे बोल ऐकत होता. मला त्या पिढीत सर्वांत जास्त आदर त्यांचाच वाटतो.

2003मध्ये एनसीएसटी सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत विलीन झाली. 2014मध्ये रमणींना इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. ती बातमी मामाने घरात मोठ्याने वाचून दाखवली.

आता मासळी कुठे लागेल याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतो. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य मोजतात, त्यावरून जागा काढतात आणि फोनवर कळवतात. आमच्या धक्क्यावर तो संदेश एक जण वाचतो आणि मग सगळे भांडतात. आळीतला एक म्हातारा सगळं ऐकून घेतो आणि दर वेळी एवढंच विचारतो, "हैद्राबादला दर्या कवा आला?"