पडदे आणि पहारेकरी

समुद्राचे पाणी दाबाने पडद्यांतून ढकलले की मीठ मागे राहते, विद्या एवढीच. पण ते पाणी आधी गाळावे लागते, आणि तिथेच फ्लोरिडातील टॅम्पा उपसागराचा कारखाना अडला. रोज अडीच कोटी गॅलन गोडे पाणी, खर्चाचा अंदाज अकरा कोटी डॉलर! २००० साली पहिली बांधकाम कंपनी बुडाली, पुढे दुसरीनेही दिवाळे काढले. २००२ साली सार्वजनिक पाणीसंस्थेनेच कारखाना विकत घेतला. २००३ साली पाणी आले; पण गाळणी अपुरी, पडदे सारखे तुंबत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एकच विचारतो : गाळणी तपासणारा इंजिनिअर कोणाचा? ठेकेदाराचा, की पाणी पिणाऱ्यांचा? दुरुस्ती संपायला २००७ उजाडले. खर्च पंधरा कोटींच्या वर गेला होता.