स्पॅनिश भाषक देश व महाराष्ट्र

स्पॅनिश ही अधिकृत किंवा शासनव्यवहाराची भाषा असलेले एकूण वीस सार्वभौम देश आहेत. त्यांपैकी अठरा अमेरिका खंडात असून उर्वरित दोन स्पेन व आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी हे होत. सर्वाधिक स्पॅनिश भाषक मेक्सिकोत आहेत. १५२१ मध्ये एर्नान कोर्तेस याने ॲझटेकांची राजधानी जिंकली आणि त्यानंतरच्या साम्राज्यविस्तारात नावाटल, माया, केचुआ इ. भाषा बोलणाऱ्या समाजांवर स्पॅनिशचे वर्चस्व प्रस्थापित झाले. तथापि स्थानिक भाषा नामशेष झाल्या नाहीत. पेरू, बोलिव्हिया व पॅराग्वाय या देशांत त्यांनाही अधिकृत दर्जा आहे.

महाराष्ट्राचा या भाषाक्षेत्राशी आलेला संबंध राज्यसत्तेमार्फत नव्हे, तर मुख्यत्वे पिकांमार्फत आला. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांची राजसत्ता एकाच राजघराण्याकडे होती. त्यामुळे गोवा, वसई व चौल ही ठाणीही स्पेनच्या राजाच्या आधिपत्याखाली होती. परंतु तेथील कारभार पोर्तुगीजांकडेच राहिल्याने स्पॅनिश भाषा येथे रुजली नाही. मका, मिरची, बटाटा, तंबाखू, पपई, पेरू ही मूळची अमेरिकेतील पिके मात्र या भूमीत स्थिरावली. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांतून स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांच्या द्वारे मराठीत आला, तर पेरू या फळाचे नाव त्याच नावाच्या देशावरून पडले, असे मानतात.

विसाव्या शतकात या संबंधाला उलट दिशेनेही चालना मिळाली. वर्धा येथे जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन करू लागले. १९१० च्या क्रांतीनंतर तेथील शेतकऱ्यांना जमिनींचे वाटप होत होते. पण जमिनीबरोबर शास्त्रीय ज्ञान मिळाले नाही, तर दारिद्र्य हटणार नाही, हे ओळखून त्यांनी खेड्यापाड्यांतून मुक्त कृषिशाळा चालविण्याच्या कार्यात पुढाकार घेतला. मक्याच्या नव्या वाणांविषयी त्यांनी स्पॅनिशमधून लेखन केले. चित्रकार दिएगो रिव्हेरा याने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत काढलेल्या एका भित्तिचित्रात, भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या मध्यभागी बसलेली व्यक्ती खानखोजे यांची असल्याचे मानले जाते. भारत स्वतंत्र झाल्यानंतर ते मायदेशी परतले व १९६७ मध्ये नागपूर येथे निधन पावले.

याच चापिंगो येथे १९४३ नंतर रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने मका व गहू यांच्या सुधारणेचे मोठे कार्य उभे राहिले. प्रतिष्ठानच्या सहकार्याने भारतातही १९५७ मध्ये अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू होऊन १९६१ मध्ये संकरित मक्याचे पहिले वाण प्रसृत झाले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून गव्हाचे सु. १८,००० टन बियाणे आयात केले. त्यातील ‘लेर्मा रोहो’ व ‘सोनोरा ६४’ या वाणांच्या नावांत मेक्सिकोतील एका नदीचे व एका राज्याचे नाव आहे.

संकरित बियाण्यांच्या या लाटेतच जालना हे बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या या शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

संकरित बियाण्याने उत्पादन वाढविले, हे निर्विवाद होय. तथापि त्याचा जोम पुढील पिढीत टिकत नसल्याने ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरचे बी राखून ठेवणारा शेतकरी त्यामुळे बाजारपेठेशी कायमचा बांधला गेला. हा प्रश्न मेक्सिको व मराठवाडा या दोन्ही ठिकाणी समानच आहे. शिवाय संकरासाठी लागणारी मक्याची आनुवंशिक विविधता मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्थानिक वाणांतूनच लाभली आहे. शेतकऱ्याला बियाण्याबरोबर त्याचे शास्त्रही मिळावे, या खानखोजे यांच्या भूमिकेचे महत्त्व यातून दिसून येते. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.