अतिकॅल्व्हिनमत

ख्रिस्ती धर्मसुधारणेतून निर्माण झालेल्या कॅल्व्हिन परंपरेतील एक आत्यंतिक मतप्रणाली. हे नाव विरोधकांनी दिलेले असून अनुयायांनी ते सहसा स्वतःस लावून घेतले नाही.

तारणासाठी माणसांची निवड ईश्वर केवळ आपल्या कृपेने करतो, तीत मानवी पुण्याईचा भाग नसतो, हे जॉन कॅल्व्हिनचे (१५०९–६४) प्रतिपादन दोन्ही पक्षांस मान्य होते. या पूर्वनियतीची तुलना प्रारब्धाशी करण्याचा मोह होतो. परंतु ती फसवी आहे, कारण प्रारब्धामागे व्यक्तीचे पूर्वकर्म असते. नेदर्लंड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) हा सिद्धांत पाच मुद्द्यांत मांडला. त्याच वेळी शुभवर्तमान सर्व राष्ट्रांना, कोणताही भेद न करता सांगितले पाहिजे, असेही स्पष्ट केले. निवड कोणाची, हे ईश्वर जाणे. उपदेशकाने आवाहन सर्वांना करावयाचे, अशी ही मुख्य प्रवाहाची भूमिका होय.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील जोसेफ हसी, जॉन ब्राइन इत्यादींनी यातील दुसरा भाग नाकारला. ज्याची निवड झालेली नाही, त्याला श्रद्धा ठेवण्याचे सामर्थ्यच नसते. म्हणून ते त्याचे कर्तव्य नव्हे आणि त्यास निमंत्रण देणेही अप्रस्तुत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वरवर बिनतोड वाटतो. अँड्रू फुलर या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने १७८५ मध्ये त्यातील उणीव दाखविली : माणसाची असमर्थता ही बुद्धीची किंवा शरीराची नसून इच्छेची आहे, जो इच्छीतच नाही, तो जबाबदारीतून सुटत नाही.

हा वाद केवळ शास्त्रार्थापुरता उरला नाही. फुलरच्या विचारांचे पाठबळ लाभलेल्या विल्यम केरीने १७९२ मध्ये परदेशी धर्मप्रसाराचा पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली व १७९३ मध्ये केरी बंगालमध्ये आला. श्रीरामपूर येथे वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीतील मराठी-इंग्रजी कोश (१८१०) सिद्ध केला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या ग्रंथांना मानाचे स्थान आहे.

महाराष्ट्रात कॅल्व्हिन परंपरेचा मुख्य प्रवाहच रुजला. १८१३ मध्ये मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी व पुढे जॉन विल्सनप्रभृती स्कॉटिश मिशनरी याच परंपरेतील होत. मराठवाड्यात जालना येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य नारायण शेषाद्री यांनी केले. जवळच वसविलेल्या ख्रिस्ती वसाहतीस त्यांनी ‘बेथेल’ हे बायबलमधील नाव दिले.