इमारत पाहणी, निवासपूर्व (मुंबई)

इमारत पाहणी, निवासपूर्व : सदनिका विकत किंवा भाड्याने घेण्याआधी ती ज्या इमारतीत आहे त्या इमारतीची मजबुती, देखभाल आणि आसपासचा परिसर यांची केलेली तपासणी. सदनिकेतील दोष मालकाला स्वतःच्या खर्चाने दूर करता येतात. खांब, तुळया, गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि मलनिःसारणाच्या वाहिन्या सामाईक असल्याने त्यांची दुरुस्ती सभासदांच्या संमतीवर आणि संस्थेच्या गंगाजळीवर अवलंबून राहते. त्यामुळे आधी इमारत आणि मग खोल्या, हा क्रम योग्य होय.

इमारतींचे प्रकार : बेट शहरातील जुन्या खासगी भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर आकारला जातो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील ‘क’ वर्गात मोडतात. त्यांची जबाबदारी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असून अतिधोकादायक इमारतींची यादी मंडळ पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. यांतील पुष्कळ इमारती भारवाहक भिंतींच्या असून त्यांचे तक्तपोशीचे मजले लाकडी तुळयांवर टेकलेले असतात. वाळवी आणि भिंतीत मुरणारे पाणी हे त्यांचे मुख्य शत्रू. उपनगरांतील साधारण १९७० नंतरची घरे बहुतांशी आरसीसी चौकटीची आहेत आणि पाहणीचा खरा कस तिथेच लागतो.

सांगाडा : काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या सळईवर गंजरोधक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरला की अल्कधर्म उतरतो. समुद्राकाठच्या हवेतून किंवा बांधकामात वापरलेल्या खाऱ्या वाळूतून व पाण्यातून आलेले क्लोराइड हा थर थेट भेदते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते, ते आतून काँक्रीटला ढकलते आणि पोपडे सुटतात. सळईच्या रेषेतच, म्हणजे तुळईच्या लांबीने किंवा खांबात उभा गेलेला तडा आणि त्यालगतचे तपकिरी डाग ही गंजाची खूण होय. गिलाव्यावरील बारीक जाळीदार भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. तडा गेलेल्या जागी छोट्या हातोडीने ठोकल्यावर भरीव काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले पोकळ वाजते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वापरलेली पिळाची ‘टोर’ सळई अधिक लवकर गंजते, असे अनेक अभियंत्यांचे मत आहे.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. वरच्या घराच्या संडास-न्हाणीखालचा स्लॅब, गच्चीवरच्या टाकीखालचे खांब, छज्ज्यांची खालची बाजू, बंद डक्ट आणि तळमजल्यावरील मीटरची खोली या ठिकाणी रंगरंगोटी सहसा पोहोचत नाही. डक्टमधील पाइपाच्या जोडाशी पिंपळाचे रोप उगवलेले असेल, तर तिथली गळती एका पावसाळ्याची नसते. उलट, नुकताच बाहेरून रंग दिलेली किंवा पीओपीचे नवे छत बसवलेली इमारत अधिक बारकाईने पाहावी. पाहणीस जुलै-ऑगस्ट हे महिने सर्वांत चांगले, कारण ओल तेव्हा लपत नाही.

तळमजला वेगळा तपासणे आवश्यक असते. तिथले दुकान, गोदाम किंवा दवाखाना यांच्या नूतनीकरणात भिंती काढल्या जातात आणि कधी खांबांनाही हात लागतो. घाटकोपर येथील साई दर्शन ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील फेरफारांत आधारखांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. डॉकयार्ड रोड येथे २७ सप्टेंबर २०१३ रोजी पडलेल्या, महापालिका कर्मचाऱ्यांच्या इमारतीत ६१ जण दगावले. ती जेमतेम तीन दशकांची होती. केवळ वयावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, हे त्यातून दिसते. तळाशी भिंतींविना केवळ खांबांवर उभी असलेली, वाहनतळाची (स्टिल्ट) इमारत भूकंपात दुबळी ठरते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा अनेक इमारती पडल्या.

संरचना तपासणी : गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी संरचना तपासणी (स्ट्रक्चरल ऑडिट) करावयाची असते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र द्यावे लागते. अहवाल मागताना शेवटचे पान न पाहता चाचण्यांचे तक्ते पाहावेत. ध्वनिलहरींचा वेग (अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी) सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असल्यास काँक्रीट चांगले व ३ च्या खाली असल्यास संशयास्पद मानतात. हाफ सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही अधिक ऋण आकडा आल्यास गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. फिनॉल्फथॅलीन शिंपडलेले ताजे काँक्रीट गुलाबी होते. जिथे रंग येत नाही तिथपर्यंत अल्कधर्म संपलेला असतो आणि ही खोली सळईपर्यंत पोहोचली असेल, तर नुसता गिलावा व रंग निरुपयोगी ठरतो. केवळ डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या अहवालाला फारसे मूल्य नाही.

महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत; सी-२ए मध्ये काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती लागते; सी-२बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती होऊ शकते; सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. मालक आणि भाडेकरू यांचे अहवाल एकमेकांविरुद्ध गेल्यास प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. सी-१ शेरा पुनर्विकासाच्या घाईने मिळवला जातो, अशी तक्रार भाडेकरूंच्या बाजूने वारंवार होते, तर मालक ती नाकारतात; याबाबत प्रत्येक इमारतीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

कागदपत्रे : भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) हा पहिला कागद. तो नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतात, पाणीही जादा दराने मिळते. पण अग्निशमन दलाची अंतिम तपासणी झाली होती की नाही हे त्यावाचून कळत नाही. मंजूर नकाशाशी तळमजला व गच्ची ताडून पाहावी. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, महापालिकेची कलम ३५४ ची (धोकादायक इमारतीबाबतची) नोटीस आली आहे का आणि सिंकिंग फंड किती आहे, हे विचारावे. आदर्श उपविधींत सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के असा धरलेला आहे. मेंटेनन्सचा आकडा कमी असणे ही जाहिरातीची बाब असली, तरी जुन्या इमारतीत तो पुढे येणाऱ्या मोठ्या वर्गणीची सूचना असतो. वार्षिक सभेचे इतिवृत्त आणि थकबाकीदारांची यादी यांवरून संस्थेचा कारभार कळतो. भाडेकरू सभासद नसल्याने त्याने ही कागदपत्रे घरमालकामार्फत मागवावीत. नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे संरचनात्मक दोषांची जबाबदारी २०१६ च्या रेरा कायद्यानुसार विकासकाची असते.

आग : २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र (प्रपत्र ‘ब’) दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. ताज्या सहामाहीचे प्रमाणपत्र पाहावे. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी लागलेल्या आगीत चौघे गेले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते आणि अग्निशमन यंत्रणा बंद आढळली. जिना वरपासून खालपर्यंत उतरून पाहणे हा सोपा उपाय आहे. चपलांची कपाटे, सायकली, जुने फर्निचर आणि आश्रय मजल्याला लावलेले कुलूप तेव्हाच नजरेस पडते.

लिफ्ट : परवाना आणि शेवटच्या तपासणीची तारीख पाहावी.

पाणी : महापालिकेचा पुरवठा ठरावीक तासांचा असल्याने जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि पंप यांवर घराचे पाणी अवलंबून असते. पाणी किती वाजता येते आणि टँकरवर किती खर्च होतो, हे सेक्रेटरीपेक्षा वॉचमन अचूक सांगतो. भूमिगत टाकीचे झाकण मलवाहिनीच्या चेंबरपासून किती लांब आहे हेही पाहावे.

परिसर : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी रस्त्यावर पाणी कुठवर आले होते, हे शेजारचा जुना दुकानदार हाताने दाखवून देतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन व अंधेरी सबवे यांसारख्या सखल भागांत भरतीच्या वेळेचा पाऊस विशेष त्रासाचा ठरतो. टेकडीच्या पायथ्याशी संरक्षक भिंतीतील पाणी जाण्याची छिद्रे मोकळी आहेत का हे बघावे. अशा भिंतींच्या मागे पाणी साचले की त्या कोसळतात. पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी गृहसंकुलाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जणांचा मृत्यू झाला. आवाज, रहदारी व बाजार यांसाठी सकाळी आणि रात्री अशी दोनदा चक्कर मारावी.

भाडेकरूसाठी : लिव्ह अँड लायसन्स करार १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. भाड्याने दिलेल्या सदनिकेवर संस्थेला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क आकारता येते. ते कोण भरणार हे करारात लिहून घ्यावे. भिंतींची ओल, तडे आणि नळांची स्थिती यांची छायाचित्रे ताबा घेताना काढून कराराला जोडल्यास अनामत रक्कम परत घेताना वाद टळतो.